बायबलमधील ख्रिस्ती आशा आणि मराठी माणसाचे दैनंदिन जीवन : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : पंडिता रमाबाई आणि टिळक दांपत्य)

गोषवारा

एकोणिसाव्या शतकात बायबल मराठीत आले आणि त्यातील वचने मराठी माणसाच्या घरात, शेतात व दुःखात वाचली जाऊ लागली. या वाचनातून 'आशा' या ख्रिस्ती संकल्पनेला जो मराठी अर्थ प्राप्त झाला, त्याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. पंडिता रमाबाई, रेव्ह. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनातील घटना व त्यांचे साहित्य हा या अभ्यासाचा मुख्य आधार आहे. ही आशा केवळ परलोकाची होती की इहलोकातील दुःख दूर करण्याचे बळ तिच्यात होते, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : मराठी बायबल, आशा, तारण, दुष्काळ, मुक्ती सदन, भक्तिपरंपरा, वऱ्हाड.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सामान्य माणसाचा धर्मग्रंथांशी असलेला संबंध हा प्रामुख्याने श्रवणाचा आहे. कीर्तन, प्रवचन, पारायण व हरिनाम सप्ताह यांतून ग्रंथ त्याच्यापर्यंत पोहोचतो. बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले सोनाळा हे गाव संत सोनाजी महाराजांच्या यात्रेसाठी ओळखले जाते. अशा गावातील अक्षरओळख नसलेली वृद्ध स्त्रीदेखील तुकोबांचा एखादा अभंग आपल्या सुखदुःखाला लावून सांगते. ग्रंथातील वचन आपल्या जगण्याला लावून पाहण्याची ही रीत मराठी मनाच्या अंगवळणी पडलेली आहे.

एकोणिसाव्या शतकात ज्या मराठी स्त्रीपुरुषांच्या हाती बायबल आले, त्यांनी ते याच रीतीने वाचले. मात्र या वाचनाचा अभ्यास फारसा झाला नाही. ख्रिस्ती मिशनरी आणि धर्मांतर यांविषयी जे लेखन झाले, त्यात एकतर मिशनरी कार्याचा गौरव आढळतो किंवा त्यावरील टीका आढळते. प्रत्यक्ष वाचणाऱ्याला त्या वचनांत काय सापडले, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या वादात मागे पडला. रमाबाई व टिळक हे दोघेही संस्कृत विद्येत वाढलेले आणि स्वतंत्र बुद्धीचे होते. त्यांच्या हाती ग्रंथ दुसऱ्यांनी दिला हे खरे, परंतु त्याचा अर्थ त्यांनी स्वतः लावला. म्हणूनच त्यांचे वाचन हा मराठी सामाजिक इतिहासाचा एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. बायबलच्या मराठी भाषांतराच्या इतिहासाचा संक्षिप्त परामर्श घेणे.
२. पंडिता रमाबाई व टिळक दांपत्य यांनी बायबलमधील वचनांना दिलेल्या जीवनसापेक्ष अर्थाचा शोध घेणे.
३. मराठी बायबलमधील काही शब्दांचे ग्रामीण जीवनातील अर्थ तपासणे.
४. ख्रिस्ती आशेच्या सामाजिक मर्यादांची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. आत्मकथने, चरित्रे आणि मराठी बायबल यांचा आधार घेतला असून श्रद्धेची सत्यासत्यता ठरविणे हा या अभ्यासाचा विषय नाही.

विषय विवेचन

१) ग्रंथ मराठीत कसा आला?

बायबलच्या मराठी भाषांतराचा आरंभ महाराष्ट्राबाहेर झाला. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने मराठीचे काम हाती घेतले. 1805 मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान व त्याच वर्षी कॅरे यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. 1811 मध्ये नवा करार मराठीत आला. पुढे 1813 मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत दाखल झाले आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यास प्रारंभ झाला. या मिशनने मुंबईत छापखाना सुरू केला, 1826 मध्ये नव्या कराराचे नवे भाषांतर पूर्ण केले आणि 1842 मध्ये अहमदनगर येथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढले. 1847 पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले.

या आरंभीच्या भाषांतरांमागे परकीयांचा पुढाकार असला, तरी लवकरच मराठी माणसे या कामात उतरली. बाबा पदमनजी (1831-1906) हे त्यांतील अग्रगण्य होत. 1854 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1857 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीचा विषय हिंदू विधवांची दुःस्थिती हा होता, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या उगमापाशीच विधवेचा प्रश्न उभा आहे. बायबलमध्ये विधवा, अनाथ व परका यांचा पक्ष वारंवार घेतला गेला आहे, आणि त्याच जागी मराठी वाचकाला हा ग्रंथ आपल्या ओळखीचा वाटू लागला असे दिसते.

२) दुष्काळ आणि आशा : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (1858-1922) यांच्या आयुष्यात आशेचा प्रश्न आधी पोटाच्या प्रश्नाच्या रूपाने आला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणे सांगत तीर्थयात्रा करणारे विद्वान होते. 1870 च्या दशकातील दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. 1874 मध्ये आईवडील गेले, मागोमाग बहीण गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी पुढची काही वर्षे पायी भटकंती केली. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून भावाबहिणीने स्वतःला त्यात पुरून घेतल्याची आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. 1878 मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथे रमाबाईंच्या विद्वत्तेचा 'पंडिता' व 'सरस्वती' या उपाध्यांनी गौरव झाला.

कलकत्त्यातच त्यांना संस्कृत बायबलची एक प्रत मिळाली. तथापि ते वाचन त्यांच्या मनाला भिडले नाही. त्यातील भाषा व विचार दोन्ही त्यांना परके वाटले. पुढे 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, 1882 मध्ये वैधव्य, त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना आणि 1883 मध्ये इंग्लंडला प्रयाण असा त्यांचा प्रवास झाला. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या मनाला प्रथम भिडलेला उतारा कोणता, हे या संदर्भात महत्त्वाचे ठरते. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी लंडनजवळ फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींनी चालविलेले आश्रयगृह रमाबाईंनी पाहिले. अशा स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात असल्याचे पाहून त्यांना आश्चर्य वाटले. या वागण्यामागचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. भर दुपारी विहिरीवर एकटी पाणी भरण्यास आलेली, हलक्या मानल्या गेलेल्या जमातीची व लोकापवादाची धनी झालेली ती स्त्री आहे. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी ईश्वरभक्तीविषयी बोलतो. महाराष्ट्रात पाण्याला शिवाशिवीचा सगळा इतिहास चिकटलेला आहे. त्यामुळे मराठी वाचकाला या कथेचे मर्म स्पष्टीकरणावाचून समजते. रमाबाईंना ही कथा स्त्रीच्या संदर्भात भिडली. पाणवठ्यावर ताटकळत उभे राहावे लागलेल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजालाही तिचा अर्थ सांगावा लागला नसता.

येथे घटनांचा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. आधी रमाबाईंनी आश्रयगृह पाहिले आणि मग वचन ऐकले. कृती आधी दिसली आणि वचन हे त्या कृतीचे स्पष्टीकरण म्हणून त्यांच्यापुढे आले. संस्कृत बायबल हाती असूनही जे घडले नाही, ते यामुळे घडले. रमाबाईंच्या पुढील आयुष्यातही हाच क्रम टिकून राहिला.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व 1890 मध्ये ते पुण्यास आले. 1893 मध्ये विद्यार्थिनींवरील ख्रिस्ती प्रभावाच्या प्रश्नावरून मोठा वाद झाला आणि न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाशी असलेला संबंध सोडला. या वादात दोन्ही बाजूंना तथ्य होते. सदनाच्या धार्मिक तटस्थतेविषयी दिलेल्या आश्वासनाचा भंग झाला, असे हितचिंतकांना वाटत होते. आपली श्रद्धा आपण लपवून ठेवू शकत नाही, ही रमाबाईंची भूमिका होती.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. दुष्काळी छावण्यांतील मुलींची अवस्था पाहण्यासाठी रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांना त्या मुलींच्या चेहऱ्यावर दिसली. त्यांनी शेकडो मुली व विधवा पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आणल्या आणि तेथे 'मुक्ती' ही वसाहत उभी राहिली. हे नाव त्यांनी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील, नगराच्या तटांना तारणाचे नाव देणाऱ्या वचनावरून घेतले. 1899-1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. विहिरी खोदणे, शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, छापखाना आणि अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण असे या वसाहतीचे स्वरूप होते. यशयाच्या वचनातील तट हे एका कल्पित नगराचे आहेत, केडगावच्या भिंती मात्र प्रत्यक्ष बांधलेल्या होत्या. ग्रंथातील आशेचा दैनंदिन अर्थ म्हणजे काय, याचे यापेक्षा ठोस उदाहरण मराठी इतिहासात क्वचितच आढळेल.

३) भाकरीची भाषा : रमाबाईंचे भाषांतर

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, साधारणतः 1905 च्या सुमारापासून, रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित मराठी बायबलमधील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील स्त्रियांना कळत नाही, तसेच त्यातील अनेक शब्दांना वेदान्ताचे अर्थ आधीच चिकटलेले आहेत, असे त्यांचे मत होते. मुक्ती सदनातील स्त्रिया खिळे जुळवीत, छपाई करीत व मुद्रिते तपाशीत. 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा हिचा मृत्यू झाला, तरी रमाबाईंनी काम थांबविले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत भाषांतराचे काम पूर्णत्वास गेले होते. 1924 मध्ये ते संपूर्ण प्रसिद्ध झाले.

ज्या स्त्रीने बालपणी हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत केले, तिनेच संस्कृत शब्द टाळून लिहावे, ही घटना मराठी भाषेच्या इतिहासात विचार करण्यासारखी आहे. ज्ञानाची भाषा स्त्रीशूद्रांना बंद असण्याचा परिणाम त्यांनी जवळून पाहिला होता. दुष्काळातून आलेल्या मुलीला जी भाषा कळत नाही, त्या भाषेत तिच्यासाठी आशेचा संदेश असू शकत नाही, अशी त्यामागील धारणा होती. या निर्णयाची किंमतही त्यांना मोजावी लागली. त्यांचे भाषांतर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सर्वत्र रूढ झाले नाही. भक्तिपरंपरेने शतकानुशतके घडविलेल्या अर्थसंपन्न शब्दांना दूर ठेवल्याने भाषेची गोडी उणावते, हा आक्षेप दुर्लक्षिता येत नाही.

४) तुकोबांच्या वाटेने : टिळक दांपत्य

रमाबाईंनी जी वाट टाळली, त्याच वाटेने नारायण वामन टिळक गेले. 1890 च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी तिचे वाचन सुरू केले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी ते थांबले. दीन, शोकग्रस्त, सौम्य आणि न्यायासाठी भुकेलेले असे जे जगाच्या दृष्टीने मागे पडलेले लोक आहेत, त्यांनाच त्या प्रवचनाच्या आरंभी धन्य म्हटले आहे. त्यातील प्रेम, करुणा व सत्य यांनी आपले मन जिंकले, असे टिळकांनी पुढे सांगितले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, ही टिळकांची भूमिका सुप्रसिद्ध आहे. अभंग, ओवी व भजन या घाटांत त्यांनी ख्रिस्ती उपासनेला मराठी रूप दिले. टाळमृदंगासह होणाऱ्या ख्रिस्ती भजनकीर्तनाला त्यांच्यामुळे बळ आले. विठ्ठलाच्या भेटीची आस जशी वारकऱ्याच्या ओवीत येते, तशी टिळकांच्या रचनेत ख्रिस्तभेटीची आस येते. अशा रीतीने 'आशा' या धर्मशास्त्रीय संज्ञेला त्यांनी मराठी भक्तीतील 'आस' या जिव्हाळ्याच्या शब्दाशी जोडले. रमाबाईंना जुन्या शब्दांतील जुन्या अर्थांची अडचण वाटली, तर टिळकांना तोच वारसा साधन म्हणून उपयोगी पडला. दोघांचे उद्दिष्ट मात्र एकच होते, ते म्हणजे वचन सामान्य माणसाच्या जिभेवर रुळावे.

या प्रवासाची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात दिसते. पतीच्या धर्मांतराची वार्ता त्यांच्यावर आकाश कोसळावे तशी कोसळली. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे व वेगळी चूल कायम ठेवली. त्यांच्या मनातील बदल धर्मशास्त्राच्या वादविवादातून झाला नाही. जातिभेद हा ईश्वराने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशी विचार केला, तो मानवनिर्मित आहे असा निर्णय घेतला आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बाबतीत परिवर्तनाची जागा देवघर किंवा प्रार्थनामंदिर नसून स्वयंपाकघर व पाण्याचा माठ ही होती. पुढे दुष्काळातील अनाथ मुलांना या कुटुंबाने घरात घेतले व त्यांचे संगोपन केले.

टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य 9 मे 1919 रोजी झालेल्या त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. रूढ अर्थाने शालेय शिक्षण न घेतलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढील बहुतांश अध्याय रचले. जात्यावरील ओवी ज्यांच्या ओठी होती, त्या स्त्रीवर्गातील एकीने ख्रिस्तचरित्र ओवीत पूर्णत्वाकडे न्यावे, यात ग्रंथ घराघरांत रुजण्याची प्रक्रिया स्पष्ट दिसते.

५) शब्दांचे ग्रामीण अर्थ : तारण, करार, नांगर, सरवा

मराठी बायबलमधील काही शब्द धार्मिक संज्ञा होण्यापूर्वी शेतकऱ्याच्या व्यवहारातील शब्द होते. 'तारण' हा त्यांपैकी एक होय. तारणे म्हणजे बुडणाऱ्याला वाचविणे हा त्याचा एक अर्थ, तर कर्जापोटी सावकाराकडे ठेवलेली वस्तू वा जमीन हा दुसरा. 'करार' या शब्दानेही शेतकऱ्याला प्रथम सावकाराचा कागद आठवतो. 1875 मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. अहमदनगर हे मराठी ख्रिस्ती समाजाचे प्रमुख केंद्र होते. अशा प्रदेशातील कर्जबाजारी माणूस नव्या कराराविषयी ऐकतो, तेव्हा फेडता न येणारे देणे माफ करणाऱ्या धन्याचा येशूने सांगितलेला दृष्टान्त त्याला निव्वळ रूपक वाटत नाही.

'नांगर' या शब्दाची गंमत आणखी निराळी आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला गलबताच्या नांगराची उपमा दिली आहे. कोकणातील वाचकाला ती सहज कळते. वऱ्हाडात समुद्र नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या काळ्या जमिनीत नांगर म्हणजे शेत उलथणारे अवजार. मूळ उपमेत नांगर स्थिर राखतो, तर वऱ्हाडी अर्थाने तो जमीन फोडून पेरणीची तयारी करतो. भाषांतरकाराला अभिप्रेत नसलेला हा दुसरा अर्थ काटेकोर भाष्याच्या दृष्टीने चुकीचा असला, तरी पावसाच्या आधी कोरड्या जमिनीत नांगर घालणाऱ्या कुणब्याची आशा त्यातून व्यक्त होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने संकटातून धीर, धीरातून कसोटीला उतरलेले शील आणि त्यातून आशा असा क्रम सांगितला आहे. तो या दुसऱ्या अर्थाला अधिक जवळचा आहे.

रूथच्या ग्रंथातील कथा तर वऱ्हाडातील वाटावी अशी आहे. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाब देशात गेलेली नामी तेथे पती व दोन्ही मुलगे गमावते. तिची परदेशी, विधवा सून रूथ तिची साथ सोडत नाही. दोघी परत येतात आणि रूथ बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचते. पीक निघाल्यावर शेतात राहिलेली कणसे, शेंगा वेचणे म्हणजे सरवा वेचणे, हे ग्रामीण माणसास सांगावे लागत नाही. मोशेच्या नियमशास्त्राने शेताच्या कडेचे पीक व पडलेला सरवा गरीब, परका, अनाथ व विधवा यांच्यासाठी ठेवण्याची आज्ञा केली होती. आपल्याकडील बलुते हा पिढीजात सेवेचा मोबदला होता. नियमशास्त्रातील सरवा सेवेच्या बदल्यात मिळत नसे, गरज हाच त्याचा आधार होता. त्यामुळे या कथेतील आशा नुसत्या दयेवर विसंबलेली नाही. तिला कायद्याचे अधिष्ठान आहे आणि रूथच्या स्वतःच्या श्रमाची जोड आहे.

वऱ्हाडाच्या इतिहासाशी या कथेचा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. 1853 पासून इंग्रजांच्या प्रशासनाखाली आलेला हा प्रांत कापसाच्या व्यापाराने गजबजला. खामगावची बाजारपेठ सर्वदूर ख्यात झाली. तरीही 1899-1900 च्या दुष्काळाने येथील शेतमजुरांची दैना केली. या काळात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेची केंद्रे अकोला, अमरावती, खामगाव, बुलडाणा, मलकापूर आदी ठिकाणी होती. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलामुलींना या मिशनने आश्रय दिला. शेजारच्या जालना येथे रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी त्याआधीच हैदराबाद संस्थानाकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही वसाहत उभारली होती. उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपलेल्या, घर सोडून निघालेल्या याकोबाला जेथे देवाचे वचन मिळाले, ते स्थान म्हणजे बेथेल. मातंग समाजातील व अन्य भूमिहीन कुटुंबांच्या वस्तीला हे नाव द्यावे, यात आशेचा अर्थ जमिनीच्या तुकड्याशी जोडण्याची दृष्टी दिसते.

६) मर्यादा व आक्षेप

वरील उदाहरणांवरून बायबलवाचनाने सर्वत्र सामाजिक परिवर्तन घडविले, असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. दुष्काळात मिळालेले अन्न आणि स्वीकारलेला धर्म यांचे नाते गुंतागुंतीचे आहे. उपाशी माणसाच्या निवडीला कितपत स्वातंत्र्य असते, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला व आजही तो रास्त आहे. अनाथ मुलांच्या बाबतीत तर तो अधिकच तीव्र होतो.

दुसरा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीचा विचार करताना, त्यांच्यातील जातिभेद नाहीसा झाला नाही आणि धर्मांतराने त्यांना अन्यायाविरुद्ध संघटित होण्याची प्रेरणा दिली नाही, असे त्यांनी दाखवून दिले. माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या पापात आहे असे शिकविले, की समाजव्यवस्थेतील अन्याय नजरेआड होतो, हा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि विदर्भातील लक्षावधी लोकांनी त्यांचा मार्ग अनुसरला. दलितांची आशा येथे वेगळ्या धम्मात साकार झाली, ही वस्तुस्थिती ख्रिस्ती आशेच्या कोणत्याही अभ्यासकाने नोंदविली पाहिजे.

हा आक्षेप टाळण्याऐवजी त्याचा निकष म्हणून उपयोग करणे अधिक योग्य होईल. जे वचन केवळ सहन करण्यास शिकविते, त्याला डॉ. आंबेडकरांची टीका पूर्णतः लागू पडते. ज्या वचनातून केडगावची विहीर खोदली गेली, जालन्याजवळ भूमिहीनांची वस्ती वसली किंवा लक्ष्मीबाईंची वेगळी चूल विझली, त्याला ती तशीच लागू करता येत नाही. वचन तेच असले, तरी ते कोण वाचतो आणि वाचून काय करतो, यावर आशेचा सामाजिक अर्थ ठरतो.

निष्कर्ष

१. बायबल मराठीत आणण्याचा आरंभ परकीयांनी केला, तथापि त्यातील आशेला मराठी अर्थ मराठी वाचकांनी, विशेषतः स्त्रियांनी दिला.
२. रमाबाईंना संस्कृत बायबल हाती असताना न भिडलेला आशय पतित स्त्रियांच्या आश्रयगृहात भिडला. वचनाचा अर्थ कृतीच्या संदर्भात उलगडतो, हे यावरून दिसते.
३. वचन सामान्य माणसापर्यंत नेण्यासाठी रमाबाईंनी सोप्या बोलीभाषेचा, तर टिळकांनी भक्तिपरंपरेच्या भाषेचा मार्ग स्वीकारला. लोकमान्यता टिळकांच्या मार्गाला अधिक मिळाली, परंतु सर्वांत दुर्बल वाचकाचा विचार रमाबाईंच्या मार्गात अधिक होता.
४. तारण, करार, नांगर, सरवा यांसारख्या शब्दांमुळे ग्रामीण वाचकाला वचनांत आपले जगणे सापडू शकले, कधी मूळ अर्थाला धरून तर कधी त्याहून वेगळ्या रीतीने.
५. ख्रिस्ती आशा जेथे अन्न, पाणी, जमीन व शिक्षण यांच्याशी जोडली गेली तेथे ती समाजपरिवर्तनास साहाय्यभूत ठरली. जेथे ती सांत्वनापुरती उरली, तेथे जातिव्यवस्थेपुढे ती दुबळी पडली.

समारोप

धर्मग्रंथातील आशेचे मोजमाप करण्याचे साधन इतिहासकाराकडे नाही. त्या आशेने माणसांकडून काय करवून घेतले, एवढेच त्याला पाहता येते. पंडिता रमाबाईंनी ज्या मुलींना दुष्काळातून आणले, त्यांतील काहींनी पुढे मुक्ती सदनाच्या छापखान्यात बायबलचे खिळे जुळविले. ज्यांना एकेकाळी भाकर मिळत नव्हती, त्यांच्याच हातांनी रोजची भाकर मागणारी ती प्रार्थना मराठीत छापली गेली. आज विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी आशेचा प्रश्न पुन्हा उभा केला आहे. तो सोडविण्यासाठी कोणत्या ग्रंथाचा आधार घ्यावा हे ज्याचे त्याने ठरवावे. सरवा हा गरजवंताचा हक्क आहे, हे रूथच्या कथेतील सूत्र मात्र कोणत्याही श्रद्धेच्या माणसाने विचारात घ्यावे, असे आहे.